टीएसएच ६२ आला म्हणून आईचं दुःख खोटं ठरत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनतीनदा वाचला. मला कळला तसा आधी परत मांडते, कुठे चुकलं तर सांगा. आई ५९ वर्षांच्या, कराडला एकट्या राहतात, बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या सातआठ महिन्यांत त्या पार बदलल्या, फोनवर नुसतं हं हं करतात, रोजची पूजा सुटली, मेथी निवडायला घेतात आणि ताट मांडीवर ठेवून तशाच बसून राहतात, आणि दोन महिन्यांपासून म्हणायला लागल्यात की शेजारच्या काकू भिंतीला कान लावून आपलं सगळं ऐकतात. घरच्यांनी धरून चाललं होतं की बाबांचं मनाला लागलंय. मग फिजिशियनने रक्त तपासलं, टीएसएच (थायरॉइड नीट चालतंय का ते सांगणारा आकडा) ६२ निघाला, गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले हे सगळं थायरॉइडचं आहे. मावशी म्हणते डॉक्टरला काय कळतंय, नवरा गेलाय तिचा. तुम्ही स्वतः सायकॉलॉजीत बीए केलंय, म्हणून विचारताय की हे मनाचं की शरीराचं. पण शेवटी एक ओळ लिहिलीत ना, "गोळीने आई पहिल्यासारखी झाली तर मग तिचं ते दुःख खोटं होतं का", मला तोच खरा प्रश्न वाटतो, आणि हे सगळं मी त्यासाठीच लिहितेय.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, २१ वर्षं काम करतेय, त्यातली बरीचशी मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत. औषधं लिहायचा अधिकार मला नाही, त्यामुळे डोसबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा. आणि आईंना मी बघितलेलं नाही हेही लक्षात ठेवा. पुढचं सगळं "असं असण्याची शक्यता मोठी आहे" या पातळीवरचं आहे. बऱ्याच गोष्टींवर ते अवलंबून आहे, हे किती दिवस चालू होतं, आधी कधी डिप्रेशन आलं होतं का, बाकी कुठली औषधं चालू आहेत, बी-१२ किती आहे, हृदयाचं काही आहे का. आणि एक सांगते, तुम्ही टीएसएच ७ आलाय असं लिहिलं असतंत तर माझं उत्तर वेगळं असतं. ७-८ असलेल्या कितीतरी बायका आपापलं घर, नोकरी नीट सांभाळत असतात, तेवढ्यावरून माणूस भिंतीला कान असल्याचं बोलायला लागला असं मी म्हटलं नसतं. ६२ ही वेगळी गोष्ट आहे.

आता माझी एक चूक सांगते, कारण मावशी आज जे म्हणतायत ते मी स्वतः एके काळी म्हटलंय, तेही तज्ज्ञ म्हणून. प्रॅक्टिसचं तिसरं की चौथं वर्ष. पन्नाशीच्या एक बाई आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), तरुण मुलगा अपघातात गेलेला. गप्प, हळू, कशातच मन नाही, विसरभोळेपणा. मला वाटलं समोर एवढं धडधडीत कारण आहे तर आणखी काय शोधायचं. सहा सेशन घेतली, मुलाबद्दल बोलायला लावायचे, त्या बसायच्या, प्रश्न विचारला की बऱ्याच वेळाने उत्तर यायचं, दोन शब्दांचं. मी वहीत लिहिलं होतं, दुःख दाबून टाकतायत, भावना बाहेर येऊ देत नाहीत. एप्रिल महिना होता, बाहेर ४० डिग्री, आणि त्या शाल गुंडाळून बसायच्या. ती शाल मी सहा वेळा बघितली आणि एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्हाला एवढ्या उन्हाळ्यात थंडी का वाजतेय.

सातव्या वेळी पायाला सूज आली म्हणून त्या मेडिसिनच्या ओपीडीत गेल्या आणि तिथल्या सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, हे बघ. बाईंना खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसवलं, पावलं मागे मोकळी लोंबती, आणि टाचेच्या मागच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटकन खाली गेलं, आपलं सगळ्यांचं जातं तसं. पण परत जागेवर येताना ते सावकाश, अगदी सावकाश आलं, जड दार आपोआप लोटलं जातं ना तसं. सरांनी परत मारलं, परत तसंच. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मग मी चेहऱ्याकडे नीट बघितलं, डोळ्यांखाली फुगवटा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, कातडी कोरडी, आवाज घोगरा, आणि हे सगळं मी सहा आठवडे "दुःखी चेहरा" म्हणून वाचत होते. टीएसएच मशीनच्या मोजण्यापलीकडचा आला. जे पाऊल सावकाश परत येत होतं तेच उत्तरही सावकाश येत होतं, आणि मी त्याला दुःख दाबून टाकणं असं नाव दिलं होतं.

हे घडतं कसं ते थोडक्यात सांगते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ नावाचं हार्मोन बनवते, ते पेशींमधे जाऊन टी-३ होतं आणि टी-३ म्हणजे शरीराच्या चुलीची आच. मेंदूलाही तीच आच लागते, टी-४ चं टी-३ करायची व्यवस्था मेंदूची स्वतःची आहे, तिथल्या आधार देणाऱ्या पेशी ते काम करतात. टीएसएच हे मात्र थायरॉइडचं हार्मोन नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतं, म्हणजे ती गळ्यातल्या ग्रंथीला हाक असते. ग्रंथी ओ देत नाही म्हणून हाक मोठी मोठी होत जाते, आपल्याकडे साधारण ४-५ पर्यंत ठीक धरतात आणि आईंचा आकडा ६२. म्हणजे पिट्युटरी कधीची ओरडतेय आणि गळ्यातून पुरेसं उत्तर येत नाहीये. आच मंद झाली की आतडी मंद होतात म्हणून बद्धकोष्ठ, हृदय मंद, स्नायू मंद, आणि विचार पण मंद. मेथीचं ताट मांडीवर घेऊन बसून राहणं, पुढची काडी उचलायची हे ठरवायलाच वेळ लागणं, हे त्यात नीट बसतं. तुमच्या फिजिशियनांनी अँटीबॉडी तपासायला सांगितल्या असतील तर करून घ्या, या वयातल्या बायकांमधे बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटलेली असते, हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मधे हा आजार पहिल्यांदा नीट वर्णन केला.

आणि हे काही आजकालच्या लॅबचं फॅड नाही हे मावशींना सांगा. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८८ मधे अशा पेशंटांचा मोठा अहवाल काढला होता, त्यात भ्रम, भास, संशय असलेले पुष्कळ जण होते. १८९१ मधे जॉर्ज मरे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचायला सुरुवात केली, त्या त्याच्या जोरावर पुढे २८ वर्षं जगल्या. आणि १९४९ मधे रिचर्ड ॲशर या डॉक्टरने १४ पेशंटांची हकीकत छापली, वेड लागलंय म्हणून ज्यांना बघितलं जात होतं आणि खरं कारण गळ्यात होतं. त्यातले बरेच जण थायरॉइड देऊन सुधारले, सगळे नाही, हेही तितकंच खरं.

आता शेजारच्या काकूंचं. इथे तुमच्या बीएच्या अभ्यासाचा उपयोग आहे म्हणून थोडं सावकाश लिहिते. मेंदू मंद झाला की समोरच्याचं बोलणं पूर्ण पकडता येत नाही, त्यात थायरॉइड कमी असलं की काही जणांना ऐकूही कमी यायला लागतं (आईंचे कान एकदा तपासून घ्या). अर्धवट ऐकू आलेलं, अर्धवट कळलेलं, आणि दिवसभर घरात एकटं. मेंदू रिकाम्या जागा रिकाम्या ठेवत नाही, काहीतरी भरतो, आणि भीतीच्या दिवसांत भीतीच भरतो. ही संशयाची माझी फोड आहे, प्रत्येक पेशंटला लागू पडेलच असं नाही, पण बऱ्याच जणांमधे मी असं बघितलंय. पण संशय काकूंचाच का? दूधवाल्याचा का नाही, तुमचा का नाही? ते हार्मोन ठरवत नाही. बाबांच्या आजारपणात त्या घरात काय बोलणं व्हायचं, काकूंनी कधी काही टोचून म्हटलं होतं का, आता घरात एकटी बाई राहते म्हणून आईंना आपल्यावर गावाचं लक्ष आहे असं वाटतं का, उत्तर तिथे असेल. शरीरामुळे संशय येतो, आणि तो कुणाच्या रूपाने येतो ते त्या माणसाचं आयुष्य ठरवतं. म्हणून मला या दोन गोष्टींत भांडण दिसतच नाही, तुमचे डॉक्टर पहिल्याचं बोलतायत आणि मावशी दुसऱ्याचं.

इथपर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: बदल नवा आहे, वय पन्नाशीपुढचं आहे आणि माणूस आधी असा नव्हता, तर दुःखाचं कितीही मोठं कारण समोर असलं तरी शरीर आधी तपासायचं. दुःखाचं कारण हाताशी आहे म्हणून शरीराचं कारण नाही असं होत नाही, दोन्ही एका घरात सुखाने राहतात.

तर मग दुःख खोटं होतं का. त्या शालवाल्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगते. गोळी सुरू झाली, साधारण तीन महिन्यांनी त्या आल्या, शाल नव्हती, चालत आल्या, बसल्या, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मॅडम, मला आता रडू येतंय." आणि रडल्या, जवळजवळ पाऊण तास. मुलाची बॅट अजून माळ्यावर आहे, ती काढायची हिंमत होत नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. सहा सेशनमधे ते आलं नव्हतं. गोळीने त्यांचं दुःख काढून घेतलं नाही, उलट दुःख करण्याइतकी ताकद त्यांच्यात आली, त्याआधी त्यांच्याकडे तेवढीही नव्हती. त्यानंतर आम्ही पाच महिने काम केलं आणि ते खरं काम झालं. म्हणून आई सुधारायला लागल्या आणि एकदम बाबांच्या आठवणीने रडायला लागल्या तर घाबरू नका, औषध लागू पडत नाहीये असं समजू नका, कदाचित ते लागू पडतंय.

शरीर वागण्यावर एवढी पकड ठेवतं हे अजून पटत नसेल तर आजारी माणसांचं सोडा, धडधाकट माणसांचं बघा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मधे ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं उभं करायचं हे समजावं म्हणून. निवडून घेतलेली, शांत, समंजस मुलं ती, युद्धाला विरोध म्हणून सैन्यात न गेलेली. काही आठवड्यांत ती चिडचिडी झाली, मैत्रिणी नकोशा झाल्या, हसणं बंद, ताटं चाटायला लागली, काही जण रेसिपीची पुस्तकं जमवून रात्र रात्र वाचायला लागले. त्यांच्या संस्कारांत काही बदललं नव्हतं, बालपण तेच होतं, फक्त उष्मांक कमी झाले होते. आपल्याकडे उपासाच्या दिवशी संध्याकाळी घरात भांडणं का होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेच चार महिने चाललं तर आपण त्याला स्वभाव म्हणायला लागतो.

पण ताई, दुसऱ्या बाजूलाही तोल जातो, आणि हल्ली तो जास्त जातो. माझ्याकडे येणारी तरुण मुलं पहिल्याच वाक्यात सांगतात, मॅम माझं सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) लो आहे. कोणी मोजलं? कोणीच नाही, ते मोजायची तशी टेस्टच नाही. ही कल्पना आली कुठून याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो हे फार कमी जणांना माहीत असतं. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वीपासून वेड आणि झोप न येणं यावर वापरत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मधे तिचा ब्लड प्रेशरवर उपयोग होतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमधे छापलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मधे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, पुढे कळलं की ते मेंदूच्या पेशींमधला सेरोटोनिन, नॉरएड्रेनलिनचा साठा रिकामा करतं, आणि ते घेणारे काही पेशंट उदास झाल्याचं डॉक्टर लिहायला लागले. त्याच सुमाराला टीबीच्या एका औषधाने पेशंट उलट उत्साही होतात असं दिसलं होतं, आणि ते औषध हीच रसायनं वाढवतं. दोन्ही जोडून १९६० च्या दशकात सरळ हिशोब मांडला गेला की रसायन कमी म्हणजे डिप्रेशन. हिशोब सुटसुटीत होता म्हणून पसरला. पण नंतर रेसर्पिनने खरंच किती जणांना डिप्रेशन आलं यावरच शंका निघाल्या, आणि २०२२ मधे सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा डिप्रेशन हे सेरोटोनिन कमी झाल्याने होतं याला सातत्याने पुरावा मिळत नाही असं निघालं. याचा अर्थ औषधं उपयोगी नाहीत असा कृपा करून काढू नका आणि कोणी चालू गोळ्या मनाने बंद करू नका, औषध लागू पडणं आणि आजाराचं कारण कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप क्रोसिन कमी पडल्याने आला होता असं नसतं.

म्हणजे थायरॉइडमधे जशी सरळ रेघ दाखवता येते, हे कमी झालं, ते मोजलं, भरून दिलं, वागणं परत आलं, तशी रेघ फार थोड्या ठिकाणी दाखवता येते. बी-१२ ची दाखवता येते, शुद्ध शाकाहारी घरांमधे ते मी आवर्जून विचारते, कारण हिमोग्लोबिन चांगलं असूनही नुसतं बी-१२ कमी असल्याने विसरभोळेपणा, संशय, हातापायाला मुंग्या असं होऊ शकतं. म्हाताऱ्या माणसात सोडियम कमी झालं की दोन दिवसांत माणूस बरळायला लागतो, तिथेही. पार्किन्सनच्या काही औषधांनी आयुष्यभर लॉटरीचं तिकीट न काढलेला माणूस जुगार खेळायला लागतो आणि औषध बदललं की थांबतो, तिथेही. पण साधं डिप्रेशन, घरातली भांडणं, लाजाळूपणा, राग, इथे एक रेघ नसते, जाळं असतं. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, तरी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला तर दुसऱ्याला होतो साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी जोड्यांत. जीन्स तेच, आणि दुसरा धडधाकट.

आणि रस्ता दुहेरी आहे. १९९२ मधे कॅलिफोर्नियात ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या) पेशंटांवर एक काम झालं, काहींना औषध दिलं, काहींना औषध न देता फक्त बिहेवियर थेरपी, म्हणजे हात धुवावेसे वाटतायत पण धुवायचे नाहीत, थांबायचं, याचा सराव. आधी आणि नंतर मेंदूचे पेट स्कॅन केले, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारे स्कॅन. जे सुधारले त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या एका भागाची जास्तीची धावपळ कमी झालेली दिसली, आणि ती दोन्ही गटांत दिसली. नुसत्या बोलण्याने आणि सरावाने मेंदूत तोच बदल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ओपीडी संपल्यावर बराच वेळ तशीच बसून होते, कारण मी करते ते काम नुसतं धीर देणं नाही, ते शरीरापर्यंत पोचतं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही आईंशी रोज रात्री अर्धा तास बोलता असं लिहिलंय ना, ते चालू ठेवा.

तुम्ही फिनियस गेजचं उदाहरण दिलंय, बीएला सगळ्यांनाच असतं. १८४८ मधे अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना साधारण सहा किलोची लोखंडी पहार गालाखालून शिरून डोक्यातून बाहेर पडली, माणूस वाचला पण स्वभाव बदलला, मित्र म्हणाले हा आता गेज राहिला नाही. पुस्तकं इथे थांबतात. पण तोच माणूस नंतर चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता, वेळेवर उठायचं, घोडे जुंपायचे, उतारूंशी बोलायचं, अवघड रस्त्यावरून गाडी न्यायची, रोज. पूर्ण बिघडलेल्या माणसाला हे जमत नाही. मेंदूचा तो भाग परत उगवला नव्हता, पण ठरलेलं काम आणि ठरलेला दिवस यांनी त्याला बरंच सावरलं असावं असं आता बरेच अभ्यासक मानतात. मला स्वतःला गेजच्या गोष्टीतला हा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि आईंची पूजेची वेळ परत बसवायचा प्रयत्न करा असं मी त्यामुळेच सांगणार आहे, देवासाठी नाही तर नाही, दिवसाला खुंटी मिळते म्हणून.

आता प्रत्यक्ष काय करायचं. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या तासाने, तासाभराने घेतला तर अजून चांगलं. चहाबरोबर गोळी हा आपल्याकडचा सगळ्यात कॉमन घोटाळा आहे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तास लांब. आई मंद झाल्यात, विसरतात, त्यामुळे "आई गोळी घेतलीस का" या फोनवर विसंबू नका, त्या हं म्हणतील. सात खणांची डबी आणा आणि पहिले सहा आठवडे कोणीतरी तिथे राहा, मावशी राहिल्या तर उत्तम, त्यांना नवऱ्याचं दुःख कळतंय, गोळीची डबीही त्यांच्याच हातात द्या. डोस कमी दिलाय म्हणून डॉक्टरांवर रागावू नका, या वयात हृदयावर ताण नको म्हणून कमीपासून चढवत नेतात, आणि एकदम जास्त दिल्याने बेचैनी, झोप उडणं असंही होतं. हे हार्मोन शरीरात सावकाश मुरतं, अर्धं कमी व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून पुढची टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी करून उपयोग नाही. आणि रिपोर्ट सुधारला तरी मन मागून येतं, आधी थंडी वाजणं, पोट, सूज सुधारेल, मग वेग, आणि संशय, उदासी सगळ्यात शेवटी. काही महिने धरा.

काकूंबद्दल वाद घालू नका, आणि आईंचं मन राखायला हो हो ऐकतात असंही म्हणू नका. "तुला भीती वाटतेय ना, आज मी आहे इथे" एवढं पुरतं. टीएसएच नॉर्मलला येऊन दोन महिने झाले आणि संशय तसाच असेल, तर सायकियाट्रिस्टला दाखवा. आणि थांबू नका अशा काही गोष्टी आहेत: आई जेवण सोडतायत, जगून काय करायचं म्हणतायत, आवाज ऐकू येतायत, तर लगेच सायकियाट्रिस्ट, रात्री अपरात्री काही सुचलं नाही तर सरकारची टेली-मानस लाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि फार झोपाळू झाल्या, उठवून उठत नाहीत, अंग गार पडलंय, श्वास हळू चाललाय, तर ते मनाचं नाही, थायरॉइड फार खाली गेल्यावर तसं होऊ शकतं, त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

एक काम आजच करा. बाबा असतानाचे आईंचे व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमधे असतील, एक दोन वर्षांपूर्वीचे. त्यातला एक ऐका आणि आजचा एक रेकॉर्ड करून ठेवा, "आज काय जेवलीस" एवढंच विचारून. दर पंधरा दिवसांनी एक. आवाजाचा घोगरेपणा आणि दोन शब्दांमधली ती थांबण्याची जागा कमी होत जाते का ते तुम्हाला रिपोर्टच्या आधी कळेल, आणि डॉक्टरांनाही ऐकवता येईल. सहा आठवड्यांची टीएसएच आली की आकडा आणि बी-१२ दोन्ही इथेच लिहा, मी बघते.